आर्लोची दुनळी

(दक्षिण डकोटातलं शेत. शेडमागचं कुरण, पलीकडे उभा मका. बाप वर्लिन बंदूक घेऊन उभा. मिनिआपोलिसहून आलेली मुलगी सोल्वी मातीच्या तबकड्या उडवायच्या यंत्रापाशी.)

सोल्वी : हीपण गेली, बाबा. अख्खीच्या अख्खी गवतात जाऊन पडली.

वर्लिन : दिसलं मला. पुढची लाव.

सोल्वी : तुमचा गाल लाल झालाय. दस्ता आपटतोय तो.

वर्लिन : आपटू दे. मला काही कळत नाही. फेब्रुवारीत आर्लो गेला, तेव्हापासून हे असंच आहे. परवा गाडीच्या दारात बोट चेंगरलं, सीटवर रक्त दिसलं तेव्हा समजलं.

सोल्वी : माझंही तेच. ऑफिसात म्हणतात, भाऊ गेला तरी किती धीराची आहे. धीर कसला? आत नुसता कापूस भरलाय.

वर्लिन : उडव.

सोल्वी : घ्या... गेली.

वर्लिन : जिल्ह्याच्या जत्रेत मी तबकड्या फोडायला उभा राहिलो की बाकीचे नेमबाज बंदुका ठेवून खायला जायचे.

सोल्वी : ठाऊक आहे. दर नाताळात ऐकलंय. डोळे तपासून घ्या एकदा.

वर्लिन : डोळ्यांना काय धाड भरलीय? आर्लोची ही नवी बंदूकच हातात बसत नाही. परक्याचा बूट घातल्यासारखी वाटते.

सोल्वी : मग देऊन टाका लाइलला. तसंही तो चार वाजता न्यायला येतोयच.

वर्लिन : देणारच आहे. आर्लोचा दोस्त आहे, शिकारीला रानात रांगेत त्याच्या शेजारी चालायचा. इथे पडून काय करायची? मी उद्या जाणार नाही आणि तुला जमत नाही.

सोल्वी : उद्या फेझंट पक्ष्यांच्या शिकारीचा पहिला दिवस. आणि तुम्ही घरी बसणार?

वर्लिन : हो.

सोल्वी : आर्लोला पटलं नसतं.

वर्लिन : आर्लोला विचारायची सोय राहिलेली नाही.

सोल्वी : बरं. पण द्यायचीच आहे, तर बार कशाला काढताय?

वर्लिन : घरात आलेली बंदूक कोरी जाऊ द्यायची नसते. पहिला बार इथेच निघायला हवा. त्याचं रिकामं काडतूस तुळईवर ठेवायचं. माझ्या बापाचं आहे तिथे, माझं आहे. आर्लोचं आहे, लहानपणी त्याला पहिली बंदूक घेतली तेव्हाचं.

सोल्वी : माझं नाही.

वर्लिन : तुला बंदूक कुठे होती?

सोल्वी : नव्हतीच. एकदा तुम्ही मला इथेच उभं केलंत. एकही तबकडी फुटली नाही. रात्री जेवताना म्हणालात, सोल्वीला नेम नाही, तिला पक्षी सोलू दे. तेव्हापासून सोलतेय.

वर्लिन : सोलतेस छान.

सोल्वी : सराव आहे ना.

वर्लिन : थांब जरा. उन्हात बघू दे हे लाकूड... हे बघ. गाल टेकायचा फुगवटा उजव्या अंगाला आहे. आणि दस्ता डावीकडे मुरडलाय. ही डावखुऱ्याची बंदूक आहे.

सोल्वी : आर्लो कुठे डावखुरा होता?

वर्लिन : नव्हताच. आणि लांबी बघ हिची. आर्लो आपल्या दारातून वाकून आत यायचा. हा दस्ता त्याच्या बगलेत हरवला असता. दुकानवाल्यानं घोळ घातलाय. पोरगा गेला, आणि त्यानं मागवलेली शेवटची वस्तूसुद्धा यांना धड पाठवता आली नाही.

सोल्वी : आणली तेव्हा उघडून नाही पाहिलीत?

वर्लिन : ऑगस्टात आणली, पेटी पलंगाखाली सरकवली. तू कालपासून आली आहेस, त्याच्या खोलीत गेलीस का?

सोल्वी : नाही.

वर्लिन : मग? सोमवारी परत पाठवतो. लाइलला सांग, येऊ नको म्हणून.

सोल्वी : बाबा, ही त्यानं कधी मागवली?

वर्लिन : नाताळ झाल्यावर. का?

सोल्वी : नाताळात त्यानं मला स्वयंपाकघरात उभं केलं होतं. म्हणाला, दोन्ही डोळे उघडे ठेव आणि माझ्या नाकावर बोट रोख. मी रोखलं, तर हसत सुटला. म्हणाला, तुझा कारभारी डोळा, म्हणजे नेम साधणारा, डावा आहे गं. बाबांनी उगाच बंदूक उजव्या खांद्याला लावली आणि तुला पक्षी सोलायला बसवलं.

वर्लिन : मला नाही बोलला.

सोल्वी : मग आईची शिवणाची टेप शोधून काढली. माझा हात मुडपायला लावला आणि मोजला. मला वाटलं, वाढदिवसाला कोट घेतोय.

वर्लिन : कुठून कुठपर्यंत मोजला?

सोल्वी : कोपराच्या खोबणीपासून बोटाच्या पेरापर्यंत.

वर्लिन : कोट असा मोजत नाहीत.

सोल्वी : नाही ना?

वर्लिन : नाही. धर ही. डाव्या खांद्याला लाव.

सोल्वी : नको.

वर्लिन : का?

सोल्वी : चुकली तर? आत्ता निदान एवढं तरी आहे माझ्यापाशी, की माझ्यातलं काहीतरी त्याला एकट्याला दिसलं होतं. तबकडी चुकली तर तेही गेलं.

वर्लिन : सरक. यंत्र मी ओढतो. गाल टेकव. आता डोळा मिटू नकोस. नेम धरत बसायचं नाही, नुसतं तिच्याकडे बघायचं. झालीस तयार की सांग.

सोल्वी : ... सोडा.

(वर्लिन यंत्र ओढतो. बार होतो.)

सोल्वी : काय झालं? फुटली?

वर्लिन : भुगा झाला तिचा.

सोल्वी : अच्छा.

वर्लिन : काय वाटतंय?

सोल्वी : काही नाही. खांदा दुखतोय.

वर्लिन : दुखतोय?

सोल्वी : हो. चांगलाच.

वर्लिन : बरं झालं.

सोल्वी : लाइलला काय सांगू मग?

वर्लिन : सांग, उद्या आर्लोच्या जागी सोल्वी चालणार आहे.

सोल्वी : माझ्याकडे परवाना नाही.

वर्लिन : सकाळी पेट्रोल पंपावर मिळतो.

सोल्वी : आणि तुम्ही?

वर्लिन : मक्याच्या शेवटाला उभा राहीन. पक्षी पळत पळत तिकडून निसटतात. कुणीतरी लागतंच तिथे.

सोल्वी : सोलायचे कुणी?

वर्लिन : सोलीन मी. बंदूक उघड आता. काडतूस खाली पडू देऊ नकोस, दे इकडे.

सोल्वी : पण पहिल्या बाराचं तुम्ही मघाशीच खिशात घातलंत.

वर्लिन : बंदूक माझी नव्हती. ते टाकून देतो.

सोल्वी : घ्या. गरम आहे अजून.

वर्लिन : असू दे.

सोल्वी : कुठे ठेवणार?

वर्लिन : आर्लोच्या शेजारी. जागा आहे तिथे.