म्हणे फ्रान्सला सायकल चालवायची!

...नाही, तुम्हीच सांगा, सत्तेचाळीस वर्षांचा माणूस, पोट असं पुढे, बसताना 'आई गं', उठताना 'आई गं', कुवेतमध्ये शुऐबा भागातल्या कारखान्यात इंजिनिअर, दाराशी गाडी, गाडीत एसी, आणि हा माणूस एक दिवस चहाचा कप खाली ठेवून म्हणतो, "चारू, यंदा सुट्टीत नाशिकला जाता जाता दहा दिवस फ्रान्सला थांबू या. सायकल चालवायला." सायकल! फ्रान्सला! अहो, कुवेतहून नाशिकला जाताना फ्रान्स वाटेत लागतं का? नकाशा काढून बघा! ...मी काही बोलले नाही. नुसतं मनात ठेवलं.

काही बोलले नाही म्हणजे, एवढंच विचारलं की का, कुणी सुचवलं, कधीपासून चाललंय हे, आणि तिथे कोण आहे. बास. तर म्हणाले, कारखान्यात एक फ्रेंच साहेब आहे, त्याचा भाऊ तिकडे गावाकडे डोंगरातल्या सायकली भाड्याने देतो, नदीच्या काठाने जायचं, जुनी गावं, जुने किल्ले, फार छान असतं म्हणे. त्या साहेबाचं नाव मला शेवटपर्यंत उच्चारता आलं नाही, मी त्याला दाढीवाला म्हणते. आता मला सांगा, नाशिकला जन्मलेल्या माणसाला किल्ले बघायला फ्रान्सला जावं लागतं?

तुम्ही म्हणाल, चारुशीलाबाई, तुमचा स्वभावच संशयी. आहे! पंधरा वर्षं सर्जिकल वॉर्डची सिस्टर आहे मी. पेशंट 'काही दुखत नाही' म्हणाला की मी आधी त्याचं पोट दाबून बघते. आमची लीना, चौदा वर्षांची, तिला म्हटलं, तुझ्या बाबांचं काहीतरी बिनसलंय. तर मान वर न करता म्हणते, "मम्मी, यू आर सो सस्पिशियस. डॅडी जस्ट वॉन्ट्स टू हॅव फन." फन! वीस वर्षांच्या संसारात ह्या माणसाने फन म्हणून काय केलं असेल तर रविवारचा पेपर बुधवारी मिळाला तरी रविवारच्याच आनंदाने वाचला!

आणि मग सुरू झाली प्रॅक्टिस. सत्त्याऐंशी सालची गोष्ट, मे महिना, पहाटे पाचला आमच्या फिंतासच्या समुद्राकाठी. आता कुवेतमध्ये सायकल चालवतं कोण? पेपर टाकणारा, नाहीतर इमारतीचा हारिस, म्हणजे राखणदार. इंजिनिअर सायकलवर दिसला की लोक घाबरतात! पहिल्याच दिवशी एका कुवेती गृहस्थाने एवढी लांब गाडी थांबवली आणि कळवळून विचारलं, "सदीक, सय्यारा खराब?" म्हणजे गाडी बिघडली का रे बाबा? हे म्हणाले, नाही, मी हौसेने चालवतोय. त्याचा काही विश्वास बसला नाही. सायकल डिकीत घातली आणि ह्यांना घरी आणून सोडलं. तीन दिवस रोज! शेवटी हे त्याची गाडी दिसली की खजुराच्या झाडामागे लपायला लागले. आता तुम्हीच सांगा, पहाटे पाचला झाडामागे लपणारा नवरा... पण मी काही बोलले नाही.

बरं, आपण आखातातली माणसं, सुट्टीवर निघायचं म्हणजे दोन महिने आधीपासून खरेदी. टँग, निव्हिया, सेंटच्या बाटल्या, ब्लँकेटं, सगळ्या आत्यांना नेलकटर. त्या वर्षी हे म्हणाले, "कशाला उगाच ओझं?" ओझं! ज्या माणसाने एकदा सासूसाठी मिक्सर मांडीवर घेऊन विमानप्रवास केला तो माणूस! आणि वरच्या मजल्यावरची प्रेमा, एरवी हळदीकुंकवाला बोलावलं तरी पायात गोळा येतो तिच्या, ती आपणहून खाली आली, माझ्या डीप फ्रीझरचं झाकण उघडलं, आत डोकावली, रबर दाबून बघितलं आणि म्हणाली, "छान ठेवलायस गं." मला वाटलं, हिची नजर माझ्या पापलेटांवर. तेव्हापासून मी कुलूप लावायला लागले!

आणि मग सापडला लिफाफा. कुठे, तर सायकलच्या पंपाच्या पिशवीत. पंपाच्या पिशवीत कोणी कागद ठेवतं का? बायको जिथे हात घालणार नाही अशी जागा शोधली होती. आत एक टाइप केलेलं पत्र, सगळं अरबीत, दोन शिक्के, खाली ह्यांची सही.  तुम्ही म्हणाल, सरळ ह्यांनाच का नाही विचारलं? कधी विचारू? ह्यांची ड्यूटी सकाळी सात ते तीन, माझी दोन ते दहा. आमचा संसार फ्रीजवरच्या चिठ्ठ्यांवर चाललेला. 'भेंडी चिरून ठेवली आहे.' 'गॅसवाला येऊन गेला.' त्याच्याखाली काय लिहू, 'दुसरी बाई आहे का?' आणि शिवाय मलाही जरा... जाऊ दे, येते त्याच्यावर.

पत्र घेऊन गेले वॉर्डवर. माझ्या हाताखाली हैदराबादची रबिया, लहानपणापासून अरबी वाचणारी. तिने हात धुतले, ओढणी डोक्यावर घेतली आणि काय वाचलं हो! असा स्वच्छ आवाज, कुठे अडखळणं नाही, पलीकडचे दोन पेशंट आपोआप उठून बसले, माझ्या डोळ्यांत पाणी! संपल्यावर म्हटलं, "रबिया, मतलब?" तर म्हणते, "मतलब मुझे कहाँ मालूम, सिस्टर? अब्बा ने पढ़ना सिखाया था, मतलब मौलवी साहब जानें." आता ह्याला काय करायचं!

मग रेकॉर्ड रूममधल्या इजिप्शियन क्लार्ककडे गेले. त्याने पत्र वाचलं. चष्मा काढला. उभा राहिला. माझा हात हातात घेऊन म्हणाला, "मबरूक, सिस्टर! मबरूक!" म्हणजे अभिनंदन. कशाचं? ते सांगायच्या आत त्याचा फोन वाजला, आणि इजिप्शियन माणूस एकदा फोनवर बोलायला लागला की आपण तिथून निवृत्त व्हायचं. मबरूक! इथे मबरूक कधी म्हणतात? बाळ झालं की, नवी गाडी घेतली की, आणि... दुसरं लग्न केलं की! हसताय काय? मी त्या दिवशी तीन वेळा एकाच पेशंटचं बीपी घेतलं. चौथ्यांदा तो माझं घ्यायला लागला. खरंच सांगते, भीती वाटली. भांडणाची नाही हो, वीस वर्षांनी हा माणूस आपल्याला ठाऊकच नाही की काय, त्याची.

पण मी बोलले नाही. पत्र होतं तसं पंपाच्या पिशवीत ठेवलं, लीनाला ओळखीच्या कुटुंबाबरोबर नाशिकला पुढे पाठवलं आणि निघाले फ्रान्सला. म्हटलं, काय असेल ते तिथे समोर येईल, आणि समोर आलं की मी बघून घेईन. बॅगेत भाजणी, मेतकूट आणि केस ओढायची तयारी!

तर तो दाढीवाल्याचा भाऊ. त्यालाही दाढी, म्हणून तोही दाढीवालाच. सायकली आणल्या. टायर हे एवढे जाड, अठरा गिअर! सायकलीला अठरा गिअर कशाला लागतात? आमच्या गाडीला चार आहेत. मी पंजाबी ड्रेस, ओढणी कमरेला बांधलेली, आणि पाठीवर पाच लिटर पाणी. हो, पाणी! कुवेतची सवय, पाण्याशिवाय घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि बाजूने नदी! दोर्दोन्य म्हणतात तिला. दिवसभर ती नदी खळखळत माझ्याबरोबर येतेय आणि मी पाठीवर पाणी वाहतेय! हे म्हणाले, "अगं, ओत ते." म्हटलं, का ओतू? मला हलकी करून कुठे न्यायचा विचार आहे?

काय सुंदर प्रदेश हो, खोटं का बोला. अक्रोडाच्या बागा, तंबाखू वाळवायच्या काळ्या लाकडी वखारी, मधासारख्या रंगाची दगडी घरं. पण गावात माणूस नाही! दुपारी बारा वाजता सगळ्या खिडक्या बंद. म्हटलं, कर्फ्यू आहे का? दाढीवाला म्हणतो, नाही, जेवतायत. दोन तास? खिडक्या लावून? जेवणात असं लपवण्यासारखं काय असतं? एका घरात पडद्याच्या फटीतून एक म्हातारी मात्र माझ्याकडे बघत होती, डोळे बारीक करून. मीही तिच्याकडे डोळे बारीक करून बघितलं. सगळ्या फ्रान्समध्ये तेवढीच एक बाई मला ओळखीची वाटली.

आणि मी सारखी पाळत ठेवून. पहिल्या दिवशी हॉटेलवाली 'बोंजूर' म्हणाली, मी बघितलं ह्यांच्याकडे. दुसऱ्या दिवशी पाववाली 'बोंजूर' म्हणाली, तिच्याकडेही बघितलं. मग लक्षात आलं, ही माणसं कुत्र्यालाही बोंजूर म्हणतात. बाई काही निघेना! हे मात्र सारखे माझ्या मागे सायकल आणायचे, घसा खाकरायचे, "चारू, ते एक..." म्हणायचे आणि तेवढ्यात चढ यायचा. मी काही बोलले नाही. गिअर टाकला आणि पुढे गेले.

हां, ती एक गंमतच झाली. प्रॅक्टिस केली ह्यांनी तीन महिने, आणि चढायला लागले मी! शाळेत असताना सायकल चालवायची मी, रोज चार मैल. वीस वर्षं हात लावला नव्हता, पण पाय विसरले नव्हते. तिसऱ्या दिवशी एका किल्ल्याचा चढ होता, हा असा उभा. मी वर पोचले, ओढणीने घाम पुसला, मागे वळून बघते तर आमचे हे खाली वळणावर, सायकल आडवी, स्वतः दगडी बाकावर, तोंड टोमॅटोसारखं. नर्स ना मी! सायकल वळवून सुसाट खाली आले, बाकाशी ती टाकून दिली. नाडी बघितली, पाणी पाजलं, पाठीवरचं पाच लिटर शेवटी कामाला आलं! आणि हे धापा टाकत काय म्हणाले असतील?

"चारू, मी राजीनामा दिलाय."

...आता बोला! ते पत्र म्हणजे कंपनीने मंजूर केलेला राजीनामा. डिसेंबरअखेर काम संपलं, इकामा, म्हणजे राहायचा परवाना, तोही संपला, सामान उचलून कायमचं नाशिकला! त्या इजिप्शियन बिचाऱ्याला वाटलं, चला, एक जण तरी सुटला, म्हणून मबरूक! आणि प्रेमाला पापलेटं नको होती हो, तिच्या नवऱ्याला ह्यांनी आपला डीप फ्रीझर देऊन टाकला होता! अहो, सगळ्या इमारतीला ठाऊक, कोणाचा सोफा कोणाकडे जायचा ते ठरलेलं, आणि घरच्या बाईला पत्ता नाही!

म्हटलं, "मग हे फ्रान्स कशाला? ही सायकल कशाला?"

तर खाली बघत म्हणाले, "मला वाटलं, सायकल चालवता चालवता मागून सांगेन. म्हणजे तुझा चेहरा बघावा लागणार नाही. पण तू थांबतेस कुठे? तीन महिने प्रॅक्टिस केली गं, तुझ्या मागे राहता यावं म्हणून."

 राग आला. मग रडू आलं. मग हसू आलं. आणि मग... मग आठवलं. समोर नदी, नदीच्या ह्या काठावर एक किल्ला, त्या काठावर दुसरा. दाढीवाल्याने सांगितलं होतं, एक फ्रेंचांचा, एक इंग्रजांचा, वर्षानुवर्षं एकमेकांवर नजर ठेवून बसले होते. आणि मी त्या बाकावर बसून म्हटलं, "अहो, मलाही एक सांगायचंय. मी तीन वर्षांचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू केलंय. एप्रिलमध्ये."

तसं लपवलं नव्हतं मी! फक्त सांगायचं राहिलं होतं. फ्रीजवर जागा नव्हती. तुम्ही माझ्याकडे असं बघू नका, ह्यांनीही तसंच बघितलं होतं.

हे रुमाल काढून तोंड पुसायला लागले. मग म्हणाले, "का पण? पैशाचं तर आता काही नाही." आणि तेव्हा मी खरं ते सांगितलं. म्हटलं, मला ते काम आवडतं. तीस खाटांचा वॉर्ड माझा आहे. ऑपरेशनहून आलेला माणूस डोळे उघडून 'सिस्टर चारुशीला' म्हणतो. नाशिकला गेले की मी गर्ग्यांची थोरली सून, चहा झाला का विचारायला. अजून तीन वर्षं मला माझ्या नावाने हाक ऐकायचीय. एवढंच. असं सगळं एका दमात बोलले, चढ चढून आल्यासारखी.  हे उठले, माझी सायकल उचलून सरळ केली आणि म्हणाले, "चल, ऊन वाढतंय." ऊन! फ्रान्समधलं! कुवेतच्या माणसाला!

तर आता असं आहे. हे नाशिकला, मी फिंतासला. लीना त्यांच्याकडे. शेजारपाजारच्या बायका ह्यांना विचारतात, "वहिनी कधी येणार?" सगळ्या आखाताचं उलटं आमच्या घरात! प्रेमाला डीप फ्रीझर मिळाला नाही म्हणून ती माझ्याशी बोलत नाही. आणि दर पंधरा दिवसांनी ह्यांचं पत्र येतं, सगळं क्षेमकुशल, आणि शेवटी एक ओळ: 'चारू, आता तरी सांग, थांबण्याचं नेमकं कारण काय?'

आता ह्यांना संशय येतोय! माझा! दीड वर्षात सहा वेळा लिहिलं मी, अहो, तेच कारण, त्या बाकावर सांगितलं तेच, मला नोकरी आवडते. त्यावर परवा उत्तर आलं, 'ते ठीक आहे, पण खरं काय?' आता ह्यापुढे काय करणार, तुम्हीच सांगा. खरं तर सांगून झालं. आता पटेल असं एखादं खोटं कारण शोधतेय.