नऊ हार

क्रांती चौकाजवळच्या गॅरेजात करुणा स्कूटरची वाट बघत बाकावर बसली होती. शेजारी कडुबा, मांडीवर गाडी झाकायच्या कव्हराची घडी घेऊन, अन् त्यांची बायको चंपाबाई. रफिक मिस्त्री त्यांच्या गाडीत वाकला होता.

"काका, इंजिनचा टायमिंग बेल्ट बदलावा लागतो."

"का बरं? पुस्तकात ऐंशी हजार किलोमीटर लिव्हलंय. माझे तीसबी झाले नाय."

"पुढंबी लिव्हलंय. नायतर सहा वर्षं, जे आधी होईल ते. गाडी कितीची झाली?"

"असंल चार-पाच वर्षांची."

"नऊ," चंपाबाई म्हणाल्या. "दर दसऱ्याला तिला हार मीच घालते."

करुणानं मोबाइल खाली ठेवला.

"बेल्टचं रबर उभ्या उभ्याबी म्हातारं होतं, काका. तुटला तर इंजिनच बसतं."

"मी तर उन्हात सुदिक ठेवली नाय रं."

"वेरूळला चला म्हणलं, तर गाडी झिजती म्हणायचे," चंपाबाई करुणाला म्हणाल्या. "मी एसटीनं जाऊन आले."

"बरं, बदल बाबा. नवा किती वर्षं जाईल?"

"सहा. चालवा नायतर झाकून ठेवा, सहाच."

कडुबांनी मांडीवरच्या कव्हरावरून हात फिरवला.

"गाडी कधी मिळंल, मिस्त्री?" चंपाबाईंनी विचारलं.

"उद्या दुपारी, मावशी."

चंपाबाईंनी नवऱ्याच्या मांडीवरची कव्हराची घडी उचलून रफिकपुढं धरली.

"हे ऱ्हाऊ द्या तुमच्याकडं. हात पुसायला होईल."