घातलं चौऱ्याहत्तर, निघालं नव्वद

माननीय अध्यक्ष प्राचार्य महोदय, व्यासपीठावरचे पाहुणे, आज निवृत्त होणारे आपले रसायनशास्त्राचे सर, आणि समोर बसलेल्या त्यांच्या आजी-माजी विद्यार्थ्यांनो,

प्रयोगशाळेत नळ्या धुणारीला तुम्ही बोलायला उभं केलंत, आभारी आहे. सरांविषयी दोन चांगले शब्द बोला, असं बजावलंय. सरांचं अक्षर चांगलं आहे. झाले बोलून.

माझी शाळा चौथीपर्यंत. पण सव्वीस वर्षं मी दारामागून सरांचं एक गणित ऐकत आले. दहा ग्रॅम हायड्रोजन, चौसष्ट ग्रॅम ऑक्सिजन. आधी काय संपेल, आणि पाणी किती होईल? सर सांगायचे, दहाचा आकडा लहान, म्हणजे हायड्रोजन संपणार, पाणी नव्वद ग्रॅम. एकदा न राहवून मी विचारलं, "सर, घातलं सगळं मिळून चौऱ्याहत्तर, निघालं नव्वद. वरचं सोळा आलं कुठून?" सर म्हणाले, "मावशी, तुम्ही नळ्या धुवा." धुतल्या. एकीतही ते सोळा सापडलं नाही.

यंदा माझी नात परीक्षेला बसली. तिनं लिहिलं, एक ग्रॅम हायड्रोजनला आठ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. दहाला ऐंशी हवा, आहे चौसष्टच. म्हणजे ऑक्सिजन आधी संपणार, पाणी बहात्तर होणार आणि दोन ग्रॅम हायड्रोजन नुसता उरणार. सरांनी पाचपैकी भोपळा दिला. मला तिनं घरी सांगितलं, "आजी, सदरे दहा, बटणं चौसष्ट, सदऱ्याला बटणं आठ." आठ सदरे पुरे होतात, दोन उघडे राहतात. मला कळलं. माझ्या जावयालासुद्धा कळलं, आता बोला!

प्राचार्य महोदय, हसू नका. तुम्हीही सरांचेच विद्यार्थी. या गणितात तुम्हाला पाचपैकी पाच मिळाले होते ना? तेच म्हणते मी.

नर्सिंगच्या प्रवेशाला पोरीला चार गुण कमी पडताहेत, आणि प्रवेश परवा बंद होतो. गुण दुरुस्तीच्या अर्जावर पेपर तपासणाऱ्याचीच सही लागते. अकरा दिवस ती सरांच्या दाराशी उभी राहिली. सर म्हणाले, "जाता जाता माझी चूक काढतेस? लोक काय म्हणतील?" घरी येऊन रडली. मी म्हटलं, रडून ऑक्सिजन वाढत नाही, अर्ज इकडे दे.

हा तो अर्ज. सर, तो पुष्पगुच्छ जरा बाजूला सरकवा. काय म्हणालात? नंतर बघू? बरं, लोक इथेच बसलेत, त्यांनाच विचारा, चौऱ्याहत्तरातून नव्वद कसं निघतं ते. कुणाला येतंय सांगता? कोणी नाही? मग चष्मा काढा, वरच्याच खिशात आहे. आणि घाम पुसा, कागद खराब होईल.

तुम्ही सगळ्यांनी शांतपणे ऐकलंत, उपकार झाले. अडाणी बाईच्या बोलण्यात काही कमी-जास्त झालं असेल तर मोठ्या मनानं पोटात घाला.

सर, सहीखाली तारीख राहिली. आजचीच घाला. उद्यापासून तुमच्या सहीला इथला शिपाईसुद्धा विचारणार नाही.