रघुवीररावांची नाव आणि नऊ दिवसांची पट्टी

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न. उत्तर मनात द्या, शेजारच्याकडे बघू नका! एखाद्यानं चोवीस वर्षं एका गोष्टीचा ध्यास धरला, एक दिवस खंड नाही, तर त्याला भक्त म्हणायचं की घर विसरलेला म्हणायचं? आं? माना डोलावताय खऱ्या, पण दोन्हीकडे डोलावताय!

तर नायक आपले रघुवीरराव पोतनीस. मुक्काम मिरज. टेलिफोन खात्यातून निवृत्त, माणूस सज्जन. सुपारीचंही व्यसन नाही! मग नाद कसला? तर खेळाचा! संगणकावरचा. तुम्ही म्हणाल, बंदुका असतील, मोटारी पळत असतील. नाही हो! त्यात एक चित्र नाही! काळा पडदा आणि पांढरी अक्षरं. 'तुम्ही घाटावर उभे आहात. पूर्वेला नदी. दक्षिणेला पायऱ्या.' आपण लिहायचं, 'पायऱ्या उतरतो' — की पुढचं वर्णन हजर! देशोदेशीची मराठी माणसं तिथे हिंडतात, अक्षरांनीच बोलतात. खेळाचं नाव नवखंडी. हसू नका! मघाशी मी लंका सांगितली, ती या मांडवात कुठे दिसली? शब्दांतच दिसली ना? मग!

रघुवीरराव तिथले नावाडी. नोकरी होती तेव्हा रात्री, आता रोज चारच्या ठोक्याला घाटावर हजर. नवखा माणूस आला, वाट चुकला, घाबरला, की रघुवीरराव त्याला हाताला धरून नेल्यासारखे नेणार. काय तो धीर! काय ती गोड वाणी! आणि तिथला एक रिवाज ऐका, पुढे लागणार आहे. खेळ सोडून उठायचं झालं, तर कारण लिहून उठायचं. 'उठतो आहे, वीज गेली.' 'उठते आहे, दूध उतू जातंय.' कारण लिहून उठलेल्याची जागा कोणी घेत नाही, सोबती राखतात. न सांगता तीन दिवस गेला, त्याची नाव दुसऱ्याला!

आणि घरी? घरी कुमुदताई. त्यांनी विचारावं, "अहो, चष्म्याचं घर कुठे ठेवलंत?" उत्तर — "असेल तिथेच!" "जेवायला वाढू का?" — "हूं." संपलं संभाषण! पेटीवाले अनंतराव, तुम्ही का खाली बघताय? तुमचं नाव घेतलेलं नाही मी!

आता एक दिवस काय झालं! मागच्या भिंतीला लावायला कुमुदताई चुनकळी भिजवत होत्या. घमेल्यात चुना उसळला, तो थेट दोन्ही डोळ्यांत! धावपळ, पाण्याचा मारा, दवाखाना. डॉक्टर म्हणाले, "नऊ दिवस दोन्ही डोळ्यांना पट्टी. उघडल्यावर किती दिसेल, ते आज सांगता येत नाही." विचार करा मंडळी! बत्तीस वर्षं जे घर बाईनं हातानं झाडलं, ते घर एका दुपारीत परकं झालं.

दुसऱ्या दिवशी चार वाजले. रघुवीरराव म्हणाले, "कुमुद, तू पड जरा. मी इथेच आहे." आणि बसले! तिकडे नवखंडीत नदीला पूर आलेला, घाटावर नवखी बाई रडकुंडीला आलेली. कुमुदताईंनी हाक मारली, "अहो, पाणी हवंय." "हूं." परत हाक, "अहो!" "आलोच!" आणि बोटं तिकडे लिहितायत, 'घाबरू नका. उजव्या हाताला देवळाचं दार आहे. तीन पावलं चला. मी सोबत आहे.'

आणि धाड! मंडळी, बाई स्वतःच पाण्याला उठल्या होत्या. कपाळ चौकटीवर आपटलं, खाली बसल्या. रडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "मला वाटलं, दार उजव्या हाताला आहे. डाव्या हाताला निघालं हो!"

रघुवीररावांनी बायकोकडे पाहिलं. मग पडद्यावरची आपलीच ओळ वाचली. 'मी सोबत आहे.' कुणाच्या? ज्या बाईचं नाव माहीत नाही, गाव माहीत नाही, तिच्या! शरम वाटली हो माणसाला, कान तापले. आणि चोवीस वर्षांत कधी लिहिलं नव्हतं ते कारण लिहिलं, 'उठतो आहे. बायको हाक मारते आहे. नऊ दिवस येणार नाही.' फोनसाठी उठले होते, विजेसाठी उठले होते. या हाकेसाठी पहिल्यांदा!

कपाळाला हळद लावली. पाणी पाजलं. आणि मग काय बोलावं, कळेना! घरात बोलायची सवय कुठली? शेवटी जे येत होतं तेच तोंडातून आलं, "कुमुद, तू माजघरात उभी आहेस. समोर देवघर, चार पावलं. डाव्या हाताला खिडकी. खिडकीत मनीमाऊ बसली आहे, आणि ती तुझ्याकडे बघते आहे."

बाई थबकल्या. म्हणाल्या, "अगंबाई! तुम्हाला इतकं बोलता येतं?"

"येतं गं. बाहेरच वाटून टाकत होतो सगळं."

नऊ दिवस तो माणूस बोलत होता! पोळी फुगली ते सांगितलं, जास्वंदीला किती कळ्या आल्या ते सांगितलं. बाई घरभर फिरल्या, परत कुठे आपटल्या नाहीत. दहाव्या दिवशी पट्टी निघाली. डावा डोळा स्वच्छ, उजव्याला थोडं धूसर. रघुवीररावांना रडू आवरेना. म्हणाले, "सुटलीस गं! आता तुझं तू बघ सगळं."

"बघीन की," कुमुदताई म्हणाल्या, "पण दिसतंय म्हणून बोलायचं थांबवू नका!"

आणि नाव? नाव घाटाला बांधलेली तशीच होती, सोबत्यांनी राखलेली! आजही रघुवीरराव चारला बसतात. शेजारी कुमुदताई, ते वाचून दाखवतात. पाचला लिहितात, 'उठतो आहे, घरी चहा आहे.' खेळ सुटला नाही, घरही सुटलं नाही.

तेव्हा मंडळी, ध्यास खुशाल धरा! मी कुठे सोडलाय? पण इथे तुमच्यासमोर दोन तास गोड बोलणारा हा बुवा घरी गेल्यावर 'हूं' म्हणतो, हे माझी मंडळी, म्हणजे आमच्या सौ., त्या खांबाशी बसून ऐकतायत. आज मी घरी जाऊन बोलणार आहे. तुम्ही? आता हात जोडा, देवाचं नाव घ्या, आणि आरती झाली की घरी ज्याची हाक राहून गेलीय, त्याला आधी ओ द्या!