खांबावरची तांब्याची तार

अनसूयाबाई : नाव नंतर. कोणाचा तू, ते आधी सांग.

मनोज : देवानंदचा.

अनसूयाबाई : नांदगावात देवानंद पुष्कळ आहेत.

मनोज : देवानंद पंजाबरावचे. पंजाबराव नत्थुजीचे. नत्थुजीनं तारेच्या खांबासाठी या रस्त्यावरचे खड्डे खंदले. पंजाबराव आबाजी लाईनमन, बाबा केबलवर, अन् मी मनोज. फायबरवर.

अनसूयाबाई : पंजाबरावांचा नातू! मग उंबऱ्यात काय उभा राहिलास? चपला काढ, पाय पूस आणि ये. आत वकीलसाहेब निजले आहेत, हळू बोल.

मनोज : आतमधी घरघर कायची होऊन राहिली, आजी?

अनसूयाबाई : प्राणवायूचं यंत्र आहे ते. विजेवर चालतं, आणि त्याच्यावर ह्यांचा श्वास चालतो. तू तुझं सांग. ही पांढरी पेटी कसली?

मनोज : आता याच्यातून फोन चालन. नंबर तोच. फक्त तांब्याची तार गेली अन् काचेची आली. खांबावरची जुनी मी कापूनच आलो.

अनसूयाबाई : न विचारता कापलीस?

मनोज : साऱ्या आळीचीच कापायले लावली, आजी. मी काय करू?

अनसूयाबाई : ह्या पेटीला वीज कुठून?

मनोज : तुमच्याच घरातून. ही पिन इथं खोसायची.

अनसूयाबाई : आणि लाईट गेली तर?

मनोज : इन्व्हर्टर असन ना तुमच्याकडे?

अनसूयाबाई : तो बिघडला. नात अकोल्याला दुरुस्तीला घेऊन गेली आहे, रविवारी आणेल. मी विचारलं त्याचं उत्तर दे.

मनोज : लाईट गेली तं फोनही बंद.

अनसूयाबाई : तुझ्या आबाजींनी मला सांगितलं होतं, तांब्याच्या तारेतून वीज आपसूक येते, थेट एक्सचेंजमधून. सारं गाव अंधारात बुडालं तरी फोन बोलतो. त्याच भरवशावर ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. लाईट गेली की फोन करायचा, दवाखान्यातून भरलेला सिलिंडर येतो. ती तार पुन्हा जोड.

मनोज : आज? आभाळ तं पाहा. कसं गडगडून राह्यलं.

अनसूयाबाई : म्हणूनच आज.

(आतल्या यंत्राची घरघर थांबते.)

हेमचंद्र : अनसूया...

अनसूयाबाई : आले. उठून बसा, आडवे राहू नका. मनोज, कोपऱ्यातला तो लहान सिलिंडर ओढ. नळी दे इकडे.

मनोज : याचा काटा तं लाल पट्ट्यात आहे, आजी!

अनसूयाबाई : मला दिसतो. हळू बोल म्हटलं ना! मोबाईल काढ आणि दवाखान्याला लाव.

मनोज : लावूनच राह्यलो. टावर नाई. वारा सुटला की पह्यले तोच बसते.

अनसूयाबाई : मग चढ खांबावर आणि तार जोड.

मनोज : आता?

अनसूयाबाई : आता नाही तर काय तेराव्याला?

हेमचंद्र : मी... ऐकतोय हं.

अनसूयाबाई : ऐका, पण बोलू नका.

मनोज : आजी, लोखंडी खांब आहे. वर वीज कडाडून राह्यली. मले भेव वाटते.

अनसूयाबाई : पंजाबरावांचा नातू आणि भितो?

मनोज : म्हणूनच भेतो. त्याईच्या मोडक्या पायाले रोज मीच तेल लावतो... बरं. चढतो. तुमी साहेबापाशी राहा.

हेमचंद्र : कोण... चढतंय?

अनसूयाबाई : तुम्ही श्वास घ्या.

हेमचंद्र : पंजाबराव?

अनसूयाबाई : पंजाबराव नव्हेत हो. त्यांचा नातू.

हेमचंद्र : वादळ... तसंच आहे.

अनसूयाबाई : ...मनोज! अरे मनोज! उतर खाली!

मनोज : अर्ध्यावर आलो, आजी!

अनसूयाबाई : अर्ध्यावरून उतर! खाली ये म्हणते मी! तार जाऊ दे चुलीत!

मनोज : उतरलो. पण काहून? फोनचं काय?

अनसूयाबाई : आबाजींचा पाय कसा अधू झाला, माहीत आहे तुला?

मनोज : खांबावरून घसरले म्हणतात.

अनसूयाबाई : कोणत्या खांबावरून, ते नाही सांगितलं?

मनोज : नाई.

अनसूयाबाई : ह्याच. माझा केदार पोटात अडला होता. अशाच वादळात तार तुटलेली आणि डॉक्टरीणबाई अमरावतीला. कोणी न सांगता पंजाबराव चढले. फोन लागला, बाई आल्या, मी वाचले, केदार वाचला. ते मात्र पडले. पुढे मी काय काय देऊ केलं, त्यांनी घेतलं नाही. दिवाळीच्या फराळाचा डबा पाठवला तर सीताफळं भरून परत.

मनोज : मले हे कोणीच नाई सांगतलं.

अनसूयाबाई : ते सांगणारे नव्हेत. मोटरसायकल आहे ना तुझी? रस्त्याने दवाखान्यात जा. वकीलसाहेबांचं नाव सांग आणि भरलेला सिलिंडर घेऊन ये.

मनोज : फोन लागला तं त्याईची गाडी लवकर येते, आजी. रस्त्यात झाडं पडली असतीन. तवरोक हे पुरन का?

अनसूयाबाई : पुरलं पाहिजे.

मनोज : अन् तुमी एकट्या?

अनसूयाबाई : एकटी कशी? हे आहेत ना. निघ. आणि गाडी नीट चालव.

हेमचंद्र : गेला?

अनसूयाबाई : गेला.

हेमचंद्र : काटा?

अनसूयाबाई : आहे अजून पुष्कळ.

हेमचंद्र : खोटं... येत नाही तुला.

अनसूयाबाई : वकिलाशी संसार केला. तेवढं येतं.

हेमचंद्र : घाबरलीस.

अनसूयाबाई : मी? उभ्या जन्मात कधी पाहिलंत?

हेमचंद्र : हात... थरथरतोय.

अनसूयाबाई : तो तुमचा.

हेमचंद्र : माझा... उशीवर आहे.

अनसूयाबाई : मग द्या इकडे.

हेमचंद्र : पोराला उतरवलंस... बरं केलंस.

अनसूयाबाई : बरं की वाईट, ते अजून ठरायचं आहे. नाकाने घ्या. माझ्याबरोबर. आत... सोडा. पुन्हा आत... अहो! डोळे मिटू नका. अहो, ऐकता ना? माझी आण आहे तुम्हाला. हेमचंद्र! हेमचंद्र!

हेमचंद्र : नाव... घेतलंस.

अनसूयाबाई : घेतलं. पुन्हा घेईन. डोळे उघडे ठेवा.

हेमचंद्र : उखाण्याशिवाय?

अनसूयाबाई : उखाणा सिलिंडर आल्यावर. आत घ्या... सोडा... काय झालं? बोला ना. एरवी कोर्टात बोलता बोलता दिवस मावळायचा तुमचा. आत्ताच का गप्प? हुंकार तरी द्या हो!

हेमचंद्र : ...हं.

अनसूयाबाई : असेच द्या. देत राहा.

मनोज : आजी! आणला! दवाखान्यातल्या शालू सिस्टरबी आल्या मागं!

अनसूयाबाई : आधी नळी! बाकी मग!

मनोज : लावली. साहेब, येऊन राह्यली का हवा?

हेमचंद्र : येते... येते आहे.

अनसूयाबाई : सरक. मला ह्यांचे ओठ पाहू दे... उतरला निळेपणा. उतरला रे.

मनोज : आजी, तुमी खाली बसा पाहू.

अनसूयाबाई : मी उभी आहे तीच बरी. बसले तर आता उठायची नाही. तू चिंब भिजलास, तो पंचा घे.

मनोज : वादळ थांबलं की तांब्याची तार जोडून देतो. कंपनीले काय कळते?

अनसूयाबाई : चोरून काही नको. पेटीला बॅटरी जोडता येते ना? ती आण. आणि आज घरी गेलास की आधी आबाजींच्या पाया पड, माझ्या वतीने.

मनोज : पडतो. अन् सांगू काय?

अनसूयाबाई : म्हणावं, वकिलीणबाईंनी नातू दोन्ही पायांवर परत पाठवला.