थांबवलेलं निवेदन

सांगवी फाट्यावर बसच्या रांगेत माझ्यापुढं साठीच्या एक बाई होत्या. एक तरुण मोटरसायकलवरून उतरून त्यांच्याशेजारी येऊन उभा राहिला. त्याच्या गळ्यात संरक्षण खात्याचं ओळखपत्र होतं.

"सुजित, तू आज बसनं?"

"गाडी बंद पडलीय, कस्तुरामावशी."

"आत्ताच तर तिच्यावरनं उतरलास!"

"तुम्ही कुठं निघालात?"

"तुमच्या दारूगोळ्याच्या कारखान्यावर. तिकडं धूर दिसला म्हणतात. माझा नागसेन सकाळपासून फोन उचलत नाही."

"घटनेची माहिती घेण्यात येत आहे. अफवांवर विश्वास ठेवू नका."

"हे टीव्हीवर बोल. सरकारी नोकरी म्हणून पोरानं चाकणची कंपनी सोडली, तूच भरीला घातलंस त्याला. तुझ्या प्रसिद्धी विभागानं काय कळवलंय?"

"अजून काही नाही. निवेदन तयार आहे, पण साहेबांनी थांबवलंय."

"का?"

"मावशी, जरा तिकडं सावलीत बसू या."

"मी इथंच बरी आहे. गेल्या महिन्यात माझ्या घरी जेवताना तू काय म्हणालास? आमच्याकडं बोलायचा क्रम ठरलेला असतो. वाईट बातमी आधी घरच्यांना, मग पेपरवाल्यांना."

"हो, तसा नियम आहे."

"मग आता कुणाच्या घरी सांगायचं राहिलंय?"

"मावशी, हा एवढा फोन घेतो."

"घे. इथंच उभा राहून बोल."

"हो साहेब. भेटल्या, समोरच आहेत. नाही, अजून सांगितलं नाही."