रेघेपल्याडचा दौलती

बसा पाव्हनं, बसा. चपला काढा त्या. कोन म्हनलं तुमाला माळाची वाट जवळ पडती? म्हाद्या म्हनला? त्यो परसात जायचं तर बायकोला कंदील धरायला लावतो, आन तुमाला माळावरनं धाडतोय व्हय!

ऐका. ही गोष्ट गावात समद्यांना ठावं हाय, पर अर्धीच. उरलेली अर्धी माझ्यापाशी हाय. म्हाद्या, शेकोटीत दोन काटक्या सार.

रात अशीच हुती, थंडीची. एक गडी जत्रंतला खेळ आटपून गावाकडं निघाला. एकलाच. त्यो गडी म्हंजी मीच, गेनबा. तवा तिशी गाठली नव्हती. डोक्याला फेटा, अंगात मस्ती. लोक म्हनले, "गेनबा, सडकेनं जा. माळावर दौलती हाय." मी म्हनलं, "दौलती माझा भिडू. मला काय करतोय?"

मला! मलाच तर करनार हुता.

दौलती कोन, ते आधी ऐका. तुमी कबड्डी म्हनता, त्याला आमी हुतूतू म्हनायचो. दौलती शेडग्यासारखा गडी ह्या खोऱ्यात झाला न्हाय. एका दमात पल्याड जाऊन तिघांना मारायचा, वर मिशीला पीळ देऊन परत यायचा. तरी दम तुटायचा न्हाय! एक ठेकेदार जत्राजत्रांतनं तंबू ठोकून तिकिटावर खेळ लावायचा. त्यानं दौलतीला पगारावर ठेवला. खेळायचा पगार! लोक हसायचे. "नांगर धर की लेका, उड्या मारून कुनाचं प्वाट भरलंय?" पर त्याचं भरलं. मी त्याच्या मागं खेळायचो. मला पगार न्हाय, नुसती भाकरी.

मग लढाई लागली, दुसरी, मोठी. जत्रंतच भरतीवाला सायब आला. दौलतीची छाती मोजली, आन घेतला की गडी पलटनीत. जाताना ठेकेदार म्हनला, "दौलती, तुझी जागा तुझीच. तू येईस्तवर गेनबा खेळंल."

येईस्तवर! कानात बसला माझ्या त्यो शबुद.

दोन वर्सांनी एक कार्ड आलं. दौलतीच्या हातचं. मास्तर चावडीवर वाचाया लागला. पयलीच ओळ, "मी मेलो." बस! मास्तरच्या हातनं कार्डच पडलं. मेलेला मानूस लिवतोय म्हनल्यावर कोन हात लावतोय त्याला? दौलतीची बायकू हौसा, तिनं तिथंच बांगड्या फोडल्या. दहावं, तेरावं घातलं. पिंडाला कावळा लगेच शिवला, बघा. कावळं बी खोटारडं! वरीसभरात हौसाच्या भावांनी तिचा दुसरीकडं पाट लावून दिला.

कार्ड मी उचललं. घरी नेलं. चुलीच्या उजेडात फुडचं वाचलं. हे गावाला ठावं न्हाय. हीच ती अर्धी.

फुडं लिवलंवतं, "मी मेलो. रेघेभाईर बसलोय. गडी मारला की मी उठीन. हौसाला सांग, गेनू."

हुतूतूत मेला म्हंजी काय, पाव्हनं? पकडला गेला. बाद झाला, भाईर बसला. पलीकडचा एक मारला की आपला मेलेला उठतो, परत खेळाया येतो. दौलती दुश्मनाच्या कैदेत हुता! गडी जिता हुता. भिडवाला भिडवाच्या बोलीत लिवलं त्यानं. आन भिडवानं काय केलं? कार्ड चुलीत घातलं. का? तर पगाराची जागा. दौलती मेला तर जागा माझी. झाली बी माझी.

तोंडं कशाला पाडता? ऐका फुडं.

लढाई सरली आन एका तिनीसांजंला दौलती आला. खाकी कपडं, हाडांचा सापळा, अंगात ताप. वढ्यावरच्या बायांनी बघितला आन बोंब ठोकली, भूत! भूत! पटापट दारं लागली. बिचारा दारोदार हिंडला. लोकांनी आतनं मोहऱ्या फेकल्या, एकानं धोंडा घातला. शेवटाला माझ्या दाराशी आला. कडी वाजवली. "गेनू, तू तरी भाईर ये की रं. सांग समद्यांना. उठव की मला."

मी आत दम धरून बसलो. लई दम हुता मला बी.

दुसरा दिस त्यो माळावरच बसून काढला, जिथं आमी खेळायचो. लोक लांबनं म्हनले, दिवसाढवळ्या दिसतंय म्हंजी लई जबर भूत हाय. तिसऱ्या दिशी सकाळी गुराख्यानं बघितलं, तर थंड पडल्याला. आन बरं का, त्या दिसापासनं त्यो खरंच भूत झाला. आधी गावानं केला, मग देवानं.

आता माझी रात. माळावर चढलो. निम्म्यात गेलो आन मागनं आवाज आला. हुतूतूतूतू... बारीक. वारं असंल म्हनलं. वाऱ्याला बी मधी थांबावं लागतं, पाव्हनं. ह्यो थांबंना! मी पळालो, तर त्यो बी पळाया लागला. मी थांबलो, तर आवाज कानाशी.

खाली बघितलं. मातीत रेघ! टाचेनं ओढल्याली, ताजी. आन ती माझ्या मागं हुती. कवा वलांडली मी? वलांडलीच नव्हती, तीच सरकली हुती! मी त्याच्या बाजूत सापडलो. मग काय करतोय? दम घेतला आन सुरू केलं, हुतूतूतू... दम तुटला की मेलो, येवढंच ठावं.

वळलो रेघेकडं. धा पावलं. चाललो, तर पुन्यांदा धाच! पुन्यांदा चाललो, पुन्यांदा धा! छाती फुटाया आली. आन तेवढ्यात घोटा धरला. आडवा पडलो. हात कसला, बर्फ! दौलतीचीच पकड, धा वर्सं संगं खेळलो, वळखीन न्हाय तर काय. वर बघितलं. तीच मिशी. डोळ्यात राग न्हाय हो. राग असता तर बरं झालं असतं.

म्हनला, "गेनू, येकच इचारतो. कार्ड वाचलंवतंस का पुरं?"

मी आपला, हुतूतूतू...

"व्हय म्हन. तुझा दम तुटंल, मी उठीन, वाटंला लागीन. हितं बसून लई कट्टाळलो रं. येवढं येक व्हय म्हन."

येक शबुद, पाव्हनं! व्हटावर आल्ता. खोटं न्हाय सांगत, आल्ता. पर म्हनलो असतो तर त्याच्या जागी रेघेपल्याड मी बसलो असतो. आन मला घरी जायचं हुतं. मी डोळं मिटलं आन ताकद लावून सरपटलो. ढोपरं सोलली, फेटा गेला. तोंडात माती, तरी हुतूतू सोडलं न्हाय. हात फुडं टाकला, आन बोट रेघंला लागलं!

घोटा सुटला. मी अलीकडं उताना पडलो. मागनं दौलती म्हनला, अगदी जत्रंत म्हनायचा तसा, "चांगला खेळलास, गेनू."

ह्येच. बाकी काय न्हाय म्हनला. दुसऱ्या दिसापासनं मी खेळ सोडला. जागा बी गेली, ठेकेदार बी गेला. हौसा गेल्या साली वारली, तिला बी कदी सांगितलं न्हाय.

काय म्हनता, पाव्हनं? आता सांगितलं की समद्यांफुडं? व्हय, सांगितलं. पर हितं, शेकोटीपाशी, रेघेच्या अलीकडं. अलीकडं येऊन दम सोडला तर कोन उठत न्हाय, हुतूतूत तसा कायदाच न्हाय.

घाला चपला. माळाच्या वाटेनं जाऊ नका, कदीच जाऊ नका. सडकेनं जा. लांब पडंल, पडू द्या.